मात्सू उपासना

मात्सू ही दक्षिण चीनचा किनारा, तैवान आणि आग्नेय आशियातील चिनी वस्त्यांमध्ये पुजली जाणारी समुद्राची देवी. परंपरेनुसार ती मूळची लिन मो नावाची मुलगी. फूच्येन प्रांतातील मेइचौ बेटावर ९६० साली तिसऱ्या चांद्र महिन्याच्या २३ व्या तिथीला ती जन्मली आणि ९८७ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तली. जन्मल्यावर महिनाभर रडली नाही, म्हणून नाव ‘मो’, म्हणजे मूक. वादळात सापडलेल्या होड्यांना ती वाट दाखवते, ही श्रद्धा कोळ्यांपासून सुरू झाली. मंदिरात तिच्या दोन बाजूंना दोन राक्षस उभे असतात: एकाला हजार ली (ली हे अंतराचे चिनी माप) दूरचे दिसते, दुसऱ्याला वाऱ्यावरून आलेले ऐकू येते.

कोळ्यांची ही देवी दरबारातही पोहोचली. ११२३ मध्ये कोरियाकडे निघालेल्या राजदूताची नौका वादळातून वाचली आणि सम्राट हुइत्सुंगने तिच्या मंदिराला नामफलक दिला. १२८१ मध्ये कुब्लाई खानाने तिला आणखी मोठी पदवी दिली, तर छिंग राजवटीच्या काळात ती ‘तिएनहौ’, स्वर्गाची सम्राज्ञी झाली. परगावी गेलेले फूच्येनी व्यापारी तिचे मंदिर बांधत आणि तिथेच मुक्काम, हिशेब, तंट्यांचा निवाडा चाले. मकाव हे नावही बहुधा तिच्याच मंदिराच्या नावावरून पडले. १८४४ पर्यंत ज्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, ते हेच पोर्तुगीज मकाव.

ही उपासना समजून घ्यायची तर मूर्तीपेक्षा धूपपात्राकडे पाहावे लागते. नवे मंदिर उभे राहते तेव्हा जुन्या मंदिराच्या धूपपात्रातील चिमूटभर अंगारा लाल पिशवीत घालून आणतात आणि नव्या पात्रात मिसळतात. याला ‘फनशियांग’, म्हणजे धूप वाटून घेणे, म्हणतात. अंगारा जिथून आला ते मंदिर माहेर ठरते. चिनी भाविकही नेमका याच अर्थाचा शब्द वापरतात. देवीची शक्ती कालांतराने क्षीण होते, म्हणून ठरावीक वर्षांनी मूर्तीला माहेरी नेऊन धूपाच्या धुरावरून फिरवतात आणि ताजा अंगारा घेऊन परततात. मान, वडीलधारेपण, देणगीचा ओघ हे सगळे या वंशावळीवर अवलंबून असल्याने भांडणेही इथूनच उद्भवतात. तैवानमधील ताच्याच्या चेन्लान मंदिराची पालखी पूर्वी पेइकांग गावच्या मात्सू मंदिराला जात असे. त्यामुळे ताच्या हे पेइकांगचे लेकीचे मंदिर ठरते, असा समज पसरला. ताच्याकरांनी १९८७ मध्ये जपानमार्गे थेट मेइचौ गाठून अंगारा आणला आणि १९८८ पासून पालखी शिनकांगच्या फंगथिएन मंदिराकडे वळवली.

मंदिरातील निर्णय कौलाने होतात. कोकण-गोव्यात देवाला कौल लावतात, त्याच जातीची ही रीत. लाकडाचे किंवा बांबूच्या मुळाचे चंद्रकोरीसारखे दोन तुकडे असतात. प्रत्येकाची एक बाजू सपाट, एक फुगीर. नाव, जन्मतिथी, पत्ता सांगून प्रश्न मांडायचा आणि तुकडे जमिनीवर टाकायचे. एक सपाट व एक फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही फुगीर वर आल्या तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देवी हसली, म्हणजे प्रश्नच नीट विचारला नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. ‘नोकरी सोडून गावी जाऊ का’ यात दोन प्रश्न आहेत. ते वेगवेगळेच विचारावे लागतात. नको ते उत्तर आले म्हणून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा टाकणे गैर मानतात. मोठ्या बाबतीत सलग तीन होकार लागतात. तुकडे समतोल असतील तर आठातून एकदाच असे घडेल, त्यामुळे ही अट सोपी नाही.

वर्षभराचा यजमान, म्हणजे ‘लुचू’, अनेक ठिकाणी याच रीतीने निवडतात. इच्छुकांपैकी ज्याला सलग सर्वाधिक होकार मिळतात, त्याच्या घरी वर्षभर धूपपात्र राहते. वर्गणी गोळा करणे, नाटक ठरवणे, पंगतीची व्यवस्था ही कामे त्याचीच. श्रीमंताला पद विकत घेता येत नाही आणि हरलेल्यालाही कुणाला बोल लावता येत नाही. गावकीत सलोखा टिकवणारी ही योजना मोठी शहाणपणाची आहे.

ताच्याची पालखी नऊ दिवस आणि आठ रात्री, सुमारे ३४० किलोमीटर चालते. निघण्याची वेळ पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला कौलानेच ठरते. पुढे घंटा वाजवत वर्दी देणारा चालतो: बिनकाचेचा चष्मा, एक पाय अनवाणी, पायजम्याची एक बाजू गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर लांब छत्री. भाविकांच्या हातात तिकोनी झेंडे असतात. वाटेतल्या प्रत्येक मंदिराचा ताईत त्या झेंड्यांना बांधतात. गावोगाव फुकट जेवण, चहा, पाय चोळायला मलम मिळते. रस्त्यावर माणसे एकामागे एक ओणवी होऊन बसतात आणि पालखी त्यांच्या डोक्यावरून जाते. त्याआधी टोपी आणि पाठीवरची पिशवी उतरवावी लागते. घाईने मध्येच उठलेल्याला दांड्याचा तडाखा बसतो आणि भोयांचा तोलही जातो, म्हणून पालखी पूर्ण पुढे गेल्याशिवाय हलायचे नाही. तैवानमधल्याच पाइशाथुन गावच्या पालखीचा मार्ग मात्र आधी ठरलेला नसतो. भोयांना दांड्यात ओढ जाणवते तिकडे वळायचे. कधी ती भातशेताच्या बांधावरून, कधी एखाद्या आजाऱ्याच्या दारात जाते.

चीनमध्ये सरकारमान्य धर्म पाच: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक, प्रोटेस्टंट. लोकदैवतांची उपासना त्यांत वेगळी बसत नाही. सांस्कृतिक क्रांतीत मेइचौचे मंदिर पाडले गेले. १९७० च्या दशकाअखेर गावच्या बायकांनी पुढाकार घेऊन ते पुन्हा उभारायला घेतले. आता तीच उपासना ‘वारसा’ म्हणून मान्य आहे आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीतही आली. १९९७ मध्ये मेइचौची मूर्ती तैवानभर फिरली, तेव्हा दर्शनाला लोटलेल्या गर्दीकडे पाहून दोन्ही बाजूंच्या सरकारांनी आपापला अर्थ काढला. मेइचौ हे सर्वांचे माहेर, म्हणजे तैवानही चीनचेच, असे बीजिंगला सुचवायचे असते. तैवानच्या अनेक मंदिरांना मात्र आपल्या मातीत शंभर-दोनशे वर्षे जळलेल्या धूपाचा अंगाराही तेवढाच अस्सल वाटतो.