अमेरिकेतल्या मित्रांना ‘आमच्याकडे या’ म्हणताना: कॅनडात राहण्याची पात्रता, कागदपत्रं आणि आमंत्रण पत्र

५ नोव्हेंबर २०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या आदल्या शनिवारी न्यू जर्सीहून मित्राचा फोन आला. कॉलेजपासूनचा मित्र, उगाच घाबरणारा नव्हे. ‘निकाल काहीही लागो, पण इथं राहणं अवघड झालं तर महिना-दोन महिने तुझ्याकडे येऊ का रे?’ मी म्हटलं, ‘विचारतोस काय? बेसमेंटमधली खोली तुमचीच.’ फोन ठेवल्यावर बायकोनं एकच प्रश्न विचारला: ‘पण ते येणार कुठल्या कागदावर?’

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आमचे बरेच दिवस गेले. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, टोरांटोत राहणाऱ्या अनेक मराठी घरांत असे फोन येतात, म्हणून समजलं ते सविस्तर लिहितो. २०१६ च्या निकालाच्या रात्री कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळ गर्दीनं बंद पडलं होतं. त्या गर्दीतल्या बहुतेकांना जे ठाऊक नव्हतं ते आधी सांगतो: इथं मित्राला स्पॉन्सर करता येत नाही. नवरा, बायको, जोडीदार, मुलं, आई-वडील, आजी-आजोबा यांच्यासाठी कुटुंब गट आहे. सुपर व्हिसा (लांब मुक्कामाचा व्हिसा) फक्त आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी. मैत्री कितीही जुनी असो, अर्जात तिच्यासाठी रकाना नाही. आपण छप्पर देऊ शकतो, परवानगी ज्याची त्यालाच मिळवावी लागते.

कोणाला काय लागतं

हे ठरतं पासपोर्टवर आणि अमेरिकेतल्या दर्जावर (म्हणजे तिथं राहण्याच्या कायदेशीर परवानगीच्या प्रकारावर), आणि एकाच घरात ते वेगवेगळं असू शकतं. माझा मित्र एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर, वहिनी एच-४ (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसा) वर, दोघांचे पासपोर्ट भारतीय. मुलगी मात्र जन्मानं अमेरिकन. म्हणजे नऊ वर्षांची पोर सहज येऊ शकते आणि तिच्या आई-बाबांना व्हिसा लागतो.

अमेरिकन नागरिकाला कॅनडात पर्यटक म्हणून यायला व्हिसाही लागत नाही आणि ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) ही लागत नाही, वैध पासपोर्ट पुरतो. ग्रीन कार्डधारकालाही व्हिसा नको. मात्र २६ एप्रिल २०२२ पासून त्यांना ग्रीन कार्डसोबत मूळ देशाचा चालू पासपोर्ट दाखवावा लागतो. आपल्याकडच्या कितीतरी जणांचा भारतीय पासपोर्ट ग्रीन कार्ड आल्यावर कपाटात पडून संपलेला असतो, तो आधी नवा करून घ्या.

एच-१बी, एच-४, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असलेल्या भारतीयांना व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन, शुल्क माणशी १०० कॅनेडियन डॉलर. बायोमेट्रिक्सचे एकट्याला ८५, कुटुंबानं एकत्र अर्ज केला तर जास्तीत जास्त १७०. बोटांचे ठसे अमेरिकेतच देता येतात आणि दहा वर्षं चालतात. अर्जाला पासपोर्ट, फोटो, अमेरिकेतल्या दर्जाचा पुरावा (आय-७९७ हे मंजुरीचं पत्र, आय-९४ ही प्रवेशाची आणि मुदतीची नोंद), नोकरीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेची विवरणपत्रं आणि कुटुंबाची माहिती देणारा फॉर्म जोडा. पूर्वी बहुधा पासपोर्टच्या मुदतीपर्यंत अनेक वेळा येण्याजाण्याचा व्हिसा मिळे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सूचना बदलल्या आणि किती काळाचा, किती वेळा येण्याचा हे आता अधिकारी प्रकरण पाहून ठरवतो. त्यामुळे ‘वेळ आली की काढू’ असं म्हणू नका. हा व्हिसा लागत नसताना काढून ठेवायचा असतो.

एच-१बी वाल्यांसाठी आणखी एक अडचण परतीची आहे. पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा संपलेला असला तरी आय-९४ चालू असेल, तर कॅनडात ३० दिवस किंवा त्याहून कमी राहून परत जाता येतं. एकतिसाव्या दिवसापासून ही सवलत संपते, आणि कॅनडात असताना नव्या अमेरिकन व्हिसाचा अर्ज केला तरीही ती जाते. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना एच किंवा एल (कंपनीतल्या बदलीचा) दर्जा नसलेल्यानं अॅडव्हान्स परोलशिवाय (परत येण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय) देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. ग्रीन कार्डधारकाला वर्षभर किंवा अधिक बाहेर राहायचं असेल तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. आसऱ्याला यावं आणि परतीची वाट बंद व्हावी, असं कोणाचं होऊ नये.

आमंत्रण पत्र

हे पत्र आपल्या हातातलं, म्हणून इथं थोडं थांबतो. माझा पहिला मसुदा मनापासून लिहिलेला होता. त्यात एक वाक्य होतं: ‘परिस्थिती सुधारेपर्यंत, लागेल तितके दिवस ते आमच्याकडे राहू शकतात.’ हेच वाक्य अर्ज बुडवू शकलं असतं. व्हिजिटर व्हिसा देताना अधिकारी मुख्यतः हे पाहतो की हा माणूस मुदत संपल्यावर परत जाईल का. ‘लागेल तितके दिवस’ म्हणजे ‘जाणार नाही’ असाच त्याचा अर्थ होतो. ते खोडून मी तारखा घातल्या: अमुक दिवशी येणार, अमुक दिवशी परतणार, मुलीची शाळा अमुक तारखेला सुरू.

पत्रात पाहुण्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, आपलं नातं, येण्याचं कारण, किती दिवस, राहणार कुठं, खर्च कोण करणार आणि परत कधी जाणार हे हवं. आपलंही नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, नोकरी, घरात किती माणसं ते लिहायचं, आणि नागरिकत्वाच्या किंवा पीआर (कायमच्या वास्तव्याच्या) कार्डाच्या पुराव्याची प्रत जोडायची. काही व्हिसा कार्यालयं नोटरी मागतात. या पत्रामुळे आपण पाहुण्याच्या वागण्याला कायद्यानं जबाबदार होत नाही, आणि पत्र आहे म्हणून व्हिसा मिळेलच असंही नाही. व्हिसा लागत नसलेल्या अमेरिकन मित्रांनाही ते द्या. पीस ब्रिजवर (बफेलोजवळच्या सीमेवरच्या पुलावर) ‘कुठं राहणार?’ असं विचारलं की कागद पुढे करता येतो.

खोटं मात्र एक अक्षरही नको. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. पुढेमागे इथं स्थायिक व्हायचा विचार आहे हे लपवायची गरजही नाही, कारण तात्पुरतं येणं आणि कायमच्या वास्तव्याची इच्छा असणं ही दोन्ही कायद्याला चालतात. फक्त परवानगी संपल्यावर निघू, हे पटवता आलं पाहिजे. गाडीमागे ट्रेलर जोडून, घरातलं सगळं सामान भरून ‘दोन आठवडे फिरायला आलोय’ म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवेल?

सहा महिने, आणि त्यानंतर

सीमेवर वेगळी तारीख दिली नसेल तर प्रवेशापासून सहा महिने राहता येतं. वाढवायचं असेल तर मुदत संपायच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करा, शुल्क १०० डॉलर. वेळेत अर्ज केला की निर्णय येईपर्यंत राहणं वैध असतं. तारीख चुकलीच तर दर्जा परत मागायला ९० दिवस मिळतात, पण तिथवर जाऊच नका.

या काळात कॅनडातली नोकरी करता येत नाही. अमेरिकेतल्या मालकाचं काम लॅपटॉपवर करायला खात्याची हरकत नाही, मात्र मुक्काम १८३ दिवसांच्या घरात गेला की कराचा प्रश्न उभा राहतो. व्हिजिटरच्या मुलांना सहा महिन्यांपेक्षा लांबच्या शाळेसाठी स्टडी परमिट लागतं. ओहिप (ओंटारिओची सरकारी आरोग्य योजना) व्हिजिटरला नाही, तेव्हा आरोग्य विमा काढूनच बोलवा. औषधं ९० दिवसांपुरती आणता येतात. तीन महिन्यांहून मोठ्या कुत्र्याला रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा अधिक रोख असेल तर सीमेवर सांगावं लागतं.

बफेलोच्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं प्रकरण वेगळंच निघालं. तो जन्मानं अमेरिकन, तेव्हा काळजी नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मग त्यानं दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी शिक्षा सांगितली. १८ डिसेंबर २०१८ पासून कॅनडा हा गंभीर गुन्हा मानतो, आणि अमेरिकेत किरकोळ ठरलेल्या शिक्षेवरूनही पुलावरून परत पाठवतात. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाल्यावर पुनर्वसनाचा (आता सुधारलो आहे हे मान्य करून घेण्याचा) अर्ज करता येतो. तातडीचं असेल तर तात्पुरतं निवासपत्र मागता येतं. दोन्हीला कोर्टाचे कागद लागतात आणि ते जमवायला वेळ जातो. मित्रांना हा प्रश्न स्पष्ट विचारा, संकोच करू नका.

जास्त काळ राहायचं असेल तर अमेरिकन नागरिकाला सरळ रस्ता नोकरीचा आहे. १ जुलै २०२० पासून लागू असलेल्या अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोच्या त्रिदेशीय व्यापार करारात अभियंता, लेखापाल, नर्स, कॉलेज-विद्यापीठातला शिक्षक असे ठराविक व्यवसाय आहेत. नोकरीचं पत्र आणि पदवी असेल तर वर्क परमिट सीमेवरच मागता येतं. हे फक्त नागरिकांसाठी, ग्रीन कार्डवर चालत नाही.

आणि आजी-आजोबा, पणजोबा कॅनडात जन्मले होते का, हेही विचारा. १५ डिसेंबर २०२५ पासून बदललेल्या कायद्यामुळे त्या दिवसाआधी जन्मलेले अनेक जण वंशानं आपोआप नागरिक ठरतात. त्यांना फक्त दाखले जोडून नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा असतो.

ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) आहे, त्यांना तर पुण्या-नाशिकचं घर हा सगळ्यात सोपा आसरा आहे. तिथं राहायला, नोकरी करायला मुदत नाही.

शरणार्थी म्हणून दावा

घाबरलेला माणूस ‘शरणार्थी’ हाच शब्द आधी उच्चारतो, म्हणून नीट सांगतो. निवडणुकीच्या निकालाची भीती हा आश्रय मिळण्याचा आधार नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे स्वतःचा छळ होईल, आणि आपला देश संरक्षण देणार नाही, हे दाखवावं लागतं. अमेरिकन नागरिकाला दावा करता येतो, पण मान्य होणं फार कठीण.

अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तर सुरक्षित तिसऱ्या देशाचा करार (आधी ज्या सुरक्षित देशात पोचलात तिथंच आश्रय मागा, असा कॅनडा-अमेरिकेतला करार) आडवा येतो. २००४ पासून तो अधिकृत नाक्यांवर होता, २५ मार्च २०२३ पासून संपूर्ण भूसीमेवर लागू झाला. नाका चुकवून आलेल्यानं १४ दिवसांच्या आत दावा केला तरी परत पाठवतात. कॅनडात जवळचं नातेवाईक असणं, एकटं अल्पवयीन असणं असे मोजके अपवाद आहेत. दावा केला की पासपोर्ट जमा होतो आणि सशर्त निष्कासनाचा आदेश निघतो. ज्यांच्या जिवाला खरंच धोका आहे त्यांच्यासाठी ही वाट आहेच, पण सीमेवर पोचण्यापूर्वी परवानाधारक वकिलाशी बोला.

मित्राचं कुटुंब अजून न्यू जर्सीतच आहे. दोघांचे व्हिसा झाले, कागदांची एक प्रत माझ्या खणात आहे. आमचं अडलं ते ज्याची काळजीच केली नव्हती तिथं, मुलीच्या पासपोर्टवर. सोळा वर्षांखालच्या अमेरिकन मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. तिचा केव्हाच संपला होता आणि नव्यासाठी आई-वडील दोघांना हजर राहावं लागतं, नाहीतर न आलेल्याचं संमतिपत्र. एकच पालक मुलाला घेऊन सीमा ओलांडणार असेल तेव्हाही दुसऱ्याचं संमतिपत्र सोबत हवं. तुमच्या मित्रांना आज रात्री फोन कराल तेव्हा सुरुवात तिथूनच करा: ‘मुलांचे पासपोर्ट काढ आणि तारीख वाचून दाखव.’