शून्याचं कुलूप : खानदेशातल्या पेढ्यांवरच्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजची पार्श्वभूमी

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबणं देशभर सक्तीचं झालं. नव्या मोबाइल क्रमांकांसाठी जागा मोकळी करायला दूरसंचार विभागानं तो निर्णय घेतला होता. घरातल्या फोनवर त्याचं काही वाटलं नाही. एक बटण जास्त, एवढंच. पण आडत, डाळ मिल, सराफी पेढी, पतसंस्था, दवाखाना अशा जागी भिंतीवर जी छोटी पेटी असते, म्हणजे बाहेरच्या लाइन आतल्या फोनना वाटून देणारं खासगी एक्स्चेंज, तिच्यात 'झिरो लॉक', म्हणजे शून्यानं सुरू होणारा नंबर अडवणारा नियम, लावलेला असेल तर त्या दिवसापासून एक्स्टेन्शनवरून, म्हणजे पेटीला जोडलेल्या आतल्या फोनवरून, मोबाइल लागणं बंद. लाइन ठीक, फोन ठीक, पेटीही ठीक. मागे कधीतरी एसटीडी, म्हणजे शून्य लावून थेट परगावी होणारे कॉल, थांबवायला घातलेलं कुलूप आता मोबाइललाही अडवत होतं.

त्यावर उपाय छोटा आहे. एसटीडीच्या दराची भीती आता उरलेली नाही, तेव्हा शून्य मोकळं करायचं आणि परदेशासाठीचं डबल झिरो तेवढं बंद ठेवायचं. फक्त मोबाइलच्या सहा, सात, आठ, नऊच्या आधीचं शून्य उघडून भागत नाही, कारण नागपूरचा ०७१२ आणि अहमदाबादचा ०७९ सुद्धा सातानंच सुरू होतो; कुलूप अर्धवट राहतं आणि गोंधळ पूर्ण होतो. पण हा बदल करायचा तर प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो पेढीवर कुणालाच माहीत नसतो. हे असं का झालं, ते समजायला बरंच मागं जावं लागतं.

भारतात टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास इथे सुरू झाली. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्य ठिकाण धुळे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे ते जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. इथल्या व्यापाराला दूरच्या माणसाशी बोलण्याची गरज जुनीच. कापसाचा भाव मुंबईहून यायचा, रावेर-सावद्याची केळी रेल्वेच्या वॅगनमधून दिल्लीकडे जायची, नंदुरबार-दोंडाईच्याची मिरची कुठल्या कुठे पोचायची. केळी तर थांबत नाही. वॅगन लागली की नाही आणि पुढच्या मंडीत काय भाव फुटला, हे त्याच दिवशी कळलं नाही तर माल आणि पैसा दोन्ही हातचे जातात. भुसावळला रेल्वेची स्वतःची टेलिफोन यंत्रणा होती, पण ती रेल्वेच्या कामापुरती. व्यापाऱ्याला आधी तार, मग ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकडे नोंदवून मिळणारा परगावचा फोन.

स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात फोन होते सुमारे ८० हजार. त्यानंतरही कितीतरी वर्षं प्रतीक्षा यादी हीच टेलिफोन खात्याची ओळख होती. जास्त अनामत भरून 'ओवायटी' (ओन युवर टेलिफोन) योजनेत नंबर लावला तरी वाट बघणं सुटत नसे. ट्रंक कॉल बुक करायचा तर साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार, आणि प्रकाराप्रमाणे दर. मोठ्या गिरण्यांत आणि कारखान्यांत खात्यानं दिलेला हातानं चालवायचा बोर्ड असे. ऑपरेटर दोऱ्यांचे प्लग या भोकातून त्या भोकात घालून आतल्या फोनला बाहेरची लाइन जोडून देई. त्या काळात कुलपाची गरजच नव्हती. प्रत्येक बाहेरचा कॉल माणसाच्या हातून जायचा आणि वहीत लिहिला जायचा.

माणसाशिवाय नंबर जुळवणारं यंत्र अमेरिकेत आल्मन स्ट्राउजर यानं शोधलं. त्याचं पेटंट १८९१ चं. भारतातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसलं. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं खरी तारीख १९६० ची आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. ती हळूहळू एकेका शहरात पोचली, आणि जिथे पोचली तिथे एक मोठा फरक पडला. शून्य फिरवून पुढे कोड लावला की कुणालाही, कुठूनही, कुणाला न विचारता मुंबई लागत होती. मीटर अंतराप्रमाणे पळत होतं, वहीत मात्र काही नव्हतं. बिल महिन्या-दोन महिन्यांनी यायचं आणि मग पेढीवर चौकशी सुरू व्हायची.

म्हणून पहिलं कुलूप अक्षरशः कुलूप होतं. गोल डायलच्या एका भोकात बसणारं, बोटाएवढं, पितळी. डायल अडायची आणि शेठ किल्ली खिशात घालून जेवायला जायचे. त्यालाही तोड निघाली. जुना फोन नंबर पाठवायचा तो लाइन तोडून-जोडून, म्हणजे पाच पाठवायचा तर पाच ठोके. हेच ठोके रिसीव्हर ठेवायच्या दांडीवर बोटानं टकटक करून देता येत. ज्याला ताल जमला त्याला कुलपाची फिकीर नव्हती.

१९८४ हे वर्ष इथे महत्त्वाचं. त्या वर्षी सरकारनं ग्राहकाच्या जागेत बसणारी उपकरणं, म्हणजे फोन आणि खासगी एक्स्चेंज, बनवायची मुभा खासगी उद्योगांना दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दूरसंचार तंत्रज्ञ सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट ही देशी एक्स्चेंज घडवणारी सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. तिच्या १२८ पोर्टच्या (जोडण्यांच्या) रचनेवर कार्यालयांसाठीचं एक्स्चेंजही बनलं आणि गावांसाठीचं ग्रामीण एक्स्चेंजही. असं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. आपल्याकडची धूळ आणि ऊन धरून, वातानुकूलन न मागता चालणारं यंत्र बनवायचं हा त्या कामातला मोठा विचार होता. खानदेशासारख्या मुलखाला, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, या एका गोष्टीनं टेलिफोन दिला असं मी मानतो. पुढे छोट्या पेट्या बनवणारे देशी कारखाने वाढले. वडोदऱ्याची मॅट्रिक्स १९९१ ची. बाहेरून पॅनासॉनिक आली. तिचं तीन लाइन आणि आठ एक्स्टेन्शनचं, वाढवत नेलं तर आठ लाइन आणि चोवीस एक्स्टेन्शनपर्यंत जाणारं यंत्र अजूनही कितीतरी भिंतींवर आहे.

पेटीत मायक्रोप्रोसेसर आला आणि बोर्डावरच्या ऑपरेटरचं डोकं प्रोग्रॅममध्ये गेलं. तो प्रोग्रॅम भरायचा फोनच्याच बटणांनी. १९६३ मध्ये अमेरिकेत बटणांचा फोन आला तेव्हा त्यावर दहाच बटणं होती. स्टार आणि हॅश नंतर आले, आणि पेटीशी बोलायचं साधन तेच झाले. ठरावीक एक्स्टेन्शनवरून स्टार, हॅश, पासवर्ड दाबला की पेटी 'प्रोग्रॅम मोड'मध्ये जाते. मग आकड्यांची भाषा: कुठली लाइन आली की कुठे वाजवायची, कुणाला शहरातलं, कुणाला एसटीडी, कुणाला फक्त आतलं, रात्री आठनंतर घंटी कुठे.

ज्यानं हे काम मन लावून केलं त्याला पेढीची सगळी रचना कळायची. आडतीवर पहिली घंटी मुनीमजींकडे, तीनदा वाजून उचलली नाही तर काउंटरवर, मग शेठच्या केबिनमध्ये. गोडाउनला बाहेरची लाइन नाही, पण आतून सगळ्यांशी बोलता येतं. दुकानाच्या वर घर असेल तर रात्रीची घंटी घरी, आणि घरच्या फोनला कुठलंच बंधन नाही. "भाऊ, पोराच्या टेबलावरचं झिरो बंद कर, पण त्याला कळू देऊ नको," असं सांगणारे शेठ होते आणि तसं करून देणारे तंत्रज्ञही होते. चांगला तंत्रज्ञ हे सगळं एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचा. हा कागद पेटीइतकाच मोलाचा आहे. जुन्या पेट्यांतला प्रोग्रॅम छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकायचा; बॅटरी संपली आणि वीज बराच वेळ गेली की सगळं पुसलं जायचं. विजेचं लोडशेडिंग तासन्‌तास चालायचं त्या वर्षांत हा अनुभव अनेकांनी घेतला. वीज गेली की पहिली लाइन आपोआप पहिल्या एक्स्टेन्शनला थेट जोडायची सोय पुष्कळ पेट्यांत होती, म्हणून निदान एक फोन जिवंत राहायचा.

बाहेरून आलेल्या पेट्यांचं इथल्या लाइनशी पटवून द्यावं लागे, आणि यात खरी कसोटी होती. कॉल दुसऱ्याला द्यायला 'फ्लॅश' मारतात, म्हणजे लाइन क्षणभर तोडतात. तो क्षण किती मोठा, हे फोन आणि पेटी दोघांना सारखं माहीत हवं. फोनचा फ्लॅश लांब आणि पेटीत सेट केलेला छोटा असला तर पेटी समजते की फोन ठेवला, आणि गिऱ्हाईक कापलं जातं. दुसरी अडचण लाइन अडकण्याची. रेकॉर्ड केलेला आवाज फोन उचलतो, समोरचा कंटाळून ठेवून देतो, पण आपल्या बऱ्याच लाइनवर त्याची विद्युत खूण येत नसे. लाइन आत धरलेलीच राहायची आणि बाहेरच्याला तासभर एंगेज. मग पेटीला एंगेजचा आवाज ओळखायला शिकवावं लागे. भारतातला हा आवाज ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. दुसऱ्या देशाचा ठेका पेटीत भरलेला असेल तर ती ओळखणार कशी? कॉलर आयडीचंही तेच. काही सरकारी एक्स्चेंज नंबर एका पद्धतीनं पाठवत, काही दुसऱ्या. पेटीत चुकीची पद्धत निवडली की पडद्यावर काहीच दिसत नसे, आणि दोष बिचाऱ्या फोनला मिळे.

खानदेशातल्या पेटीचा सर्वांत मोठा शत्रू मात्र वळवाचा पाऊस. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते. मातीत ओल नसली की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि वीज पडण्याचे दिवस नेमके तेव्हाच येतात, पहिल्या पावसाच्या आधी आणि सोबत. खांबांवरून आलेल्या तांब्याच्या तारेतून तो झटका आत शिरतो. त्याला जमिनीत जायला वाट नसेल तर तो पेटीतलं लाइन कार्ड, म्हणजे बाहेरची लाइन जोडायची पट्टी, जाळून वाट काढतो. मीठ-कोळशाचा खड्डा खणून मे महिनाभर त्यात पाणी ओतणं हे काम टेलिफोनच्या खर्चात मोजायला कुणी तयार नसे. मला ते अजूनही प्रोग्रॅमिंगच्या आधीचं काम वाटतं.

नंबरांची पद्धतही स्थिर राहिली नाही, आणि प्रत्येक बदलानं कुलपात भोक पडलं. या शतकाच्या सुरुवातीला लँडलाइन क्रमांकांपुढे २ लागला. राज्यातल्या जवळच्या जिल्ह्यांसाठी शून्याऐवजी ९५ लावायची पद्धत आली, काही वर्षं चालली आणि गेली. जळगावहून धुळ्याला ०२५६२ ऐवजी ९५२५६२. ज्यांच्या पेटीत फक्त शून्य अडवलेलं होतं त्यांच्याकडून हे कॉल सरळ बाहेर जात राहिले. मोबाइल तर ९८ नं सुरू व्हायचा आणि लोकल समजून सुटायचा, तोही दर चढे असताना. तेव्हा ज्यांनी प्रोग्रॅमचा कागद काढून नियम बदलले ते वाचले. बाकीच्यांना बिलानं सांगितलं.

मोबाइल स्वस्त झाल्यावर पेढीवरून बाहेर जाणारे कॉल खिशातल्या फोनवर गेले आणि पेटीचं काम उलटं झालं. आता अडवायचं कमी, येणारा कॉल हरवू न देणं जास्त. एका नंबरवर आलेले कॉल मोकळ्या लाइनवर वळवणारं हंटिंग, 'विक्रीसाठी एक दाबा' म्हणणारा आवाज, कुणी नसेल तर मालकाच्या मोबाइलवर वळवणं, चुकलेल्या कॉलची यादी. पण प्रोग्रॅम बऱ्याच ठिकाणी जुन्या भीतीचाच राहिला. आजही अशी पेटी दिसते, जिच्यात आठ फोनवर आठ प्रकारची बंधनं आहेत आणि येणारी घंटी मात्र एकाच टेबलावर वाजून थांबते, जिथला माणूस कधीच नोकरी सोडून गेला आहे. गिऱ्हाइकाला वाटतं दुकान बंद पडलं.

दरम्यान पेटीच्या आतलं तंत्र बदललं. इंटरनेटवरून कॉल जुळवण्याची एसआयपी ही पद्धत १९९९ मध्ये ठरली आणि २००२ मध्ये तिला आजचं रूप आलं. १९९९ मध्येच मार्क स्पेन्सर यानं अ‍ॅस्टरिस्क हे साध्या संगणकाला एक्स्चेंज बनवणारं मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनी मर्यादित रूपात सुरू झाली, पण ती देशातल्या नेहमीच्या फोनच्या जाळ्याशी जोडण्याला अनेक वर्षं मनाई राहिली. ते बंधन २०१८ मध्ये सैल झालं. आता तांब्याच्या जागी फायबर येतो आणि शिरपूरच्या गोडाउनमधलं एक्स्टेन्शन जळगावच्या पेटीवर, किंवा सेल्समनच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपवर वाजू शकतं. विजेचा झटका तारेतून आत येण्याची वाट फायबरनं बंद केली, ही आपल्या भागासाठी फार मोठी गोष्ट आहे.

इंटरनेटला जोडलेल्या पेटीकडे आता जगभरातून दार ठोठावलं जातं. कारखान्यातून आलेला १२३४ सारखा पासवर्ड तसाच ठेवलेल्या पेट्या शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. एक सापडली की शनिवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत तिच्यातून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल जात राहतात, आणि बिल पेढीच्या नावावर येतं. डबल झिरो बंद ठेवायला सांगतात ते यासाठी. बाहेरून फोन करून आतली लाइन वापरायची सोय वापरात नसेल तर ती बंद करावी, प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा लांब पासवर्ड द्यावा, आणि पेटी बसवणाऱ्याचं बिल चुकतं करण्याआधी त्याच्याकडून तीन गोष्टी घ्याव्यात: प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड, कुठलं एक्स्टेन्शन कुठे आहे त्याचा तक्ता, आणि प्रोग्रॅमची प्रत पेन ड्राइव्हवर.