आतून कडी, आत मुडदा: बंद खोलीच्या रहस्यकथा आल्या कुठून

रहस्यकथा म्हटलं की खुनी कोण हे सगळ्यांना आधी सुचतं, पण एक जात अशी आहे की तिथं खुनी कोण हे नंतर बघू, आधी हे सांगा की खून झालाच कसा. दार आतून बंद, खिडकीला गज, आत एकच माणूस आणि त्याच्या पाठीत सुरा. मारणारा गेला कुठून? किंवा बर्फावर मधोमध मुडदा पडलाय आणि आजूबाजूला पावलं फक्त त्या मेलेल्याची. असल्या गोष्टी लोक पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ वाचतायत आणि उत्तर कळल्यावर "हात्तिच्या, एवढंच होय" म्हणत पुढचं पुस्तक उघडतायत. (शेवट फोडणार नाही, एक सोडून, आणि तो इतका जुना आहे की त्याचं पाप लागत नाही.)

बहुतेक जण सुरुवात एडगर ॲलन पोपासून धरतात. एप्रिल १८४१, फिलाडेल्फियाचं ग्रॅहम्स मॅगझिन, गोष्ट पॅरिसच्या रू मॉर्ग नावाच्या गल्लीतली. चौथ्या मजल्यावर मायलेकींचा भयानक खून, खोलीला आतून कुलूप आणि किल्ली आतच, खिडक्या खिळा ठोकून बंद. पोलीस खिळा बघतात, खिळा जागेवर, विषय संपला. दुपँ नावाचा हुशार माणूस येतो आणि तो खिळा नुसता बघत नाही, बोटानं धरून ओढतो, तर खिळ्याचं डोकं हातात येतं! खिळा मधूनच मोडलेला, बघणाऱ्याला अख्खा दिसतोय एवढंच, आणि खिडकी धरून ठेवलीय ती आतल्या लपलेल्या स्प्रिंगनं. माझ्या मते या सगळ्या प्रकाराचं बीज त्या खिळ्यात आहे, पुढच्या शंभर वर्षांत लेखकांनी फक्त खिळे बदलले. खून करणारा शेवटी ओरांगउटान निघतो हे मात्र जरा अतीच, आज कुणी असं लिहिलं तर वाचक पुस्तक फेकून मारतील.

तसं पोच्या तीन वर्षं आधी, १८३८ मध्ये, शेरिडन ले फानू या आयरिश लेखकानं बंद खोलीतल्या खुनाची गोष्ट डब्लिनच्या मासिकात लिहिली होती, म्हणजे पहिला मान कुणाचा यावर वाद घालायचा तर घालता येतो. ले फानूचं नाव आज भुताच्या गोष्टींसाठी घेतलं जातं आणि ते उगाच नाही. त्या आधीच्या काळात युरोपात पडके किल्ले, शापित खोल्या, रात्री विझणाऱ्या मेणबत्त्या असल्या कादंबऱ्यांचा सुकाळ होता, 'या खोलीत जो झोपतो तो सकाळी मेलेला सापडतो' हे तिकडचं नेहमीचं. बंद खोलीची रहस्यकथा याच घरात जन्मली, फक्त मोठी झाल्यावर तिनं घरच्यांचं ऐकलं नाही आणि भुताच्या जागी माणूस उभा केला.

पुढचा जोर आला तो वर्तमानपत्रांमुळं. १८९१ मध्ये इस्रायल झँगविल यानं लंडनच्या 'स्टार' पेपरात लंडनच्या बो भागातल्या खुनाची कादंबरी क्रमशः लिहिली, भाड्याच्या खोलीत गळा चिरलेला माणूस, दाराला आतून कुलूप आणि बोल्ट, हत्यार सापडत नाही. वाचक आपापली उत्तरं पेपरला पाठवायला लागले. इथं एक मोठी गोष्ट झाली, उत्तर यंत्रात किंवा दोऱ्यात नव्हतं, बघणाऱ्यांच्या डोक्यात होतं, आपण काय बघितलं आणि काय बघितलंय असं आपल्याला वाटतं यातल्या फटीत. १९११ मध्ये चेस्टर्टन या इंग्रज लेखकानं फादर ब्राऊन या पाद्री-डिटेक्टिव्हच्या एका गोष्टीत हीच फट आणखी रुंद केली, चार माणसं इमारतीवर नजर ठेवून आहेत, चौघंही शपथेवर सांगतात कुणी आलं नाही, आणि बर्फात पावलं उमटलेली. चौघं खोटं बोलत नाहीत. ज्याला अजून वाचायची आहे त्यानं वाचावी, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, पण नंतर सोसायटीच्या गेटवर कोण कोण ये-जा करतं हे तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल.

१९०५ मध्ये अमेरिकेत जॅक फुत्रेलनं उलटा खेळ मांडला. त्याचा प्रोफेसर पैज लावतो की मला फाशीच्या कोठडीत कोंडा, आठवड्यात नुसत्या डोक्याच्या जोरावर बाहेर येतो. ही गोष्ट पण बॉस्टनच्या पेपरात तुकड्या-तुकड्यानं आली आणि वाचकांना उत्तर पाठवायचं आवाहन होतं. (फुत्रेल पुढं १९१२ ला टायटॅनिकवर गेला, बुडाला.) सांगलीच्या माणसाला तुरुंग फोडणं म्हटलं की २४ जुलै १९४३ आठवणार, वसंतदादा आणि साथीदारांनी पहारेकऱ्यांना गाठून गणेशदुर्गातल्या जेलच्या तटावरून खंदकात घेतलेल्या उड्या. त्यात कोडं काही नव्हतं, सगळं दिवसाढवळ्या, गोळ्या झेलून. फुत्रेलच्या प्रोफेसराला अंगावर ओरखडाही येत नाही, म्हणूनच तो करमणुकीचा विषय आहे आणि ते दुसरं इतिहासाचा.

मग गास्तों लरू. पिवळ्या खोलीचं रहस्य, १९०७ मध्ये फ्रेंच साप्ताहिकात आणि १९०८ ला पुस्तक. आतून बंद खोली, आत बाईवर हल्ला, किंकाळ्या ऐकून बाहेरची माणसं दार फोडून आत जातात तर हल्लेखोर गायब. शोधणारा अठरा वर्षांचा वार्ताहर. ॲगाथा ख्रिस्तीनं आत्मचरित्रात या पुस्तकाचं कौतुक केलंय, आपण पण डिटेक्टिव्ह लिहून बघावं हे तिच्या डोक्यात ज्या पुस्तकांनी घातलं त्यातलं हे एक. लरूचा शेवटचा कोर्टाचा भाग मला लांबलेला वाटतो, पण मधला 'माणूस डोळ्यांसमोर विरघळला' हा प्रकार अजून तितकाच चढतो.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात या सगळ्याचा अक्षरशः खेळ झाला, आणि खेळ म्हटला की नियम आले. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्रीबुवांनी दहा आज्ञा काढल्या, त्यात भूतखेत-दैवी कारण बाद, आणि गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त चालणार नाही. एक चालेल! ही सवलत कशासाठी देव जाणे. पण हे नियम वाचकाच्या बाजूचे होते, लेखकाला जे माहीत आहे ते वाचकाच्या समोर ठेवलंच पाहिजे, फसवायचं ते सगळं दाखवून फसवायचं. १९३० मध्ये लंडनला रहस्यकथा लिहिणाऱ्यांचा डिटेक्शन क्लब निघाला, चेस्टर्टन पहिला अध्यक्ष.

आणि मग ज्याच्यासाठी हा सगळा इतिहास सांगायचा तो माणूस, जॉन डिक्सन कार. १९०६ चा जन्म, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा, १९३० च्या दशकात इंग्लंडात येऊन राहिला आणि इंग्रजांपेक्षा इंग्रज झाला. आयुष्यभर यानं जवळपास एकच गोष्ट केली, अशक्य गुन्हे. त्याचा गिडिअन फेल हा अगडबंब डिटेक्टिव्ह चेस्टर्टनवरूनच बेतलेला. १९३५ ची 'द हॉलो मॅन' यात दोन खून, एक बंद खोलीत आणि दुसरा रस्त्याच्या मधोमध, बर्फात, साक्षीदारांच्या देखत, जवळ दुसऱ्या कुणाच्या पावलाची खूण नाही. सतराव्या प्रकरणात तर गंमतच करतो, फेलसाहेब गोष्ट थांबवतात, म्हणतात की आपण डिटेक्टिव्ह कादंबरीतली पात्रं आहोत, नाही म्हणून वाचकाला फसवण्यात काय अर्थ, आणि बंद खोलीत माणूस कसकसा मारता येतो यावर सरळ लेक्चर देतात. सात प्रकार, वर दाराच्या कड्याकुलपांशी करायच्या लबाड्या वेगळ्या. म्हणजे जादूगारानं सगळी जादू समजावून सांगायची आणि तरी पुढच्या प्रकरणात आपल्याला गंडवायचं. १९८१ मध्ये जाणकारांचं मत घेतलं तेव्हा या प्रकारातली सर्वोत्तम म्हणून हीच पहिली आली. मला विचाराल तर तिची उकल जरा जास्तच गुंतागुंतीची आहे, दोनदा मागं जाऊन वेळा जुळवाव्या लागतात, त्यापेक्षा १९३८ ची 'द जुडास विंडो' (कार्टर डिक्सन या टोपणनावानं लिहिलेली) जास्त नेटकी.

कारची हातोटी अशी की तो आधी तुम्हाला घाबरवतो. शाप, थडग्यातून उठणारे, पिशाच्च, वारा सुटलाय, मग खून होतो आणि खोलीतल्या शहाण्या माणसालाही क्षणभर वाटतं की हे माणसाचं काम नव्हे. मग हळूहळू एकेक धागा काढून तो माणसाचा हात दाखवतो. आता सातारच्या माणसाला हे ओळखीचं वाटलं पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकर सातारचे, अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ ची, आणि भानामतीच्या केसेस आठवा, बंद कपाटातले कपडे पेटतात, घरावर दगड पडतात, जेवणात राख निघते, सगळं घर म्हणतं की कुणी आलेलं नाही. समितीचे कार्यकर्ते जाऊन काय करायचे, तर घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं, कधी काय झालं, तेव्हा कोण कुठं होतं, शेवटचं कपाट कुणी उघडलं. गिडिअन फेल तरी दुसरं काय करतो? आपोआप पेटणारा अग्नी तर त्यांनी गावोगाव स्टेजवर करून दाखवलाय, पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन, थोडा वेळ काही होत नाही आणि मग भडका, तेवढ्या वेळात करणारा लांब जाऊन उभा. त्या थोड्या वेळात रहस्यकथावाल्यांचं अर्धं दुकान चालतं. फरक एकाच ठिकाणी आहे, कादंबरीत शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून एकाकडं बोट दाखवतात, आणि भानामतीत तो हात बऱ्याचदा घरातल्याच दुखावलेल्या, कोंडलेल्या माणसाचा निघतो, तिथं नाव चारचौघांत न घेता त्याला समजून घ्यायचं असतं.

मग आपल्याकडं या कादंबऱ्या रुजल्या का नाहीत? रहस्यकथा तर धो धो वाचल्या गेल्या, बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड हे कित्येक घरांतल्या आज्यांना नातवंडांपेक्षा जवळचे होते, पुढं गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर. पण त्यात पळापळ, वेषांतर, पिस्तूल, वेग. एवढ्या भराभर लिहायचं तर खिळा मोडायला वेळ कुणाकडं असणार, हे एक. दुसरं कारण मला घरात दिसतं. बंद खोलीतल्या खुनाला आधी बंद खोली लागते, म्हणजे एकट्या माणसाची स्वतःची खोली, जिला तो आतून कडी घालून बसतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. वाड्यात माजघरात दहा जण ओळीनं झोपलेले, दुपारी कुणी दार लावून घेतलं तर पाच मिनिटांत "काय गं, बरं नाही का?" म्हणून हाक. वर कौलं. चार कौलं सरकवली की घरात उतरता येतं हे चोरालाही माहीत आणि पोरांनाही.

जपानी लेखकांपुढं हीच अडचण होती, त्यांची घरं लाकडाची, कागदी सरकत्या दारांची, कुलूप कुठं घालणार. तरी योकोमिझो सेइशी यानं १९४६ मध्ये लग्नाच्या रात्री झालेल्या खुनाची कादंबरी लिहिली ती अस्सल जपानी घरातच, बाहेर बर्फ आणि रात्री कोतो वाद्याचा आवाज. पाश्चात्त्य खोली उसनी आणली नाही, आपल्याच घरातलं सामान वापरलं. तिकडं अमेरिकेत १९४४ मध्ये रेमंड चँडलर या रहस्यकथालेखकानंच असल्या कोड्यांची जाहीर टर उडवली आणि युद्धानंतर हा प्रकार मागं पडला, पण जपानात १९८१ ला शिमादा सोजी आणि १९८७ ला अयात्सुजी युकितो यांनी तो परत उभा केला, आता त्यांचीच इंग्रजी भाषांतरं वाचून लोक जुन्या कारकडं वळतायत.

मला तर वाटतं सातारच्या पेठेतला किंवा वाईकडचा जुना वाडा या कामाला फर्स्ट क्लास आहे. दाराची साखळीची कडी बाहेरून लावता येते, दोन फळ्यांच्या फटीतून दोऱ्याचा फास आत सोडायचा, कडी उचलून कोयंड्यावर आणायची, एक टोक सोडून दोरा ओढून घ्यायचा. कारच्या काळातसुद्धा ही युक्ती शिळी झाली होती म्हणून तिथं वाचक हसेल. पण अडसर? भिंतीच्या भोकातून ओढून दोन्ही फळ्यांमागं आडवा घालायचा सागवानी दांडा, तो दोऱ्यानं हलत नाही, आणि अडसर घातलेलं दार फोडायचं तर चार गडी आणि अर्धा तास, तेवढ्या वेळात आख्खी आळी जमलेली. उलट सांगलीत विश्रामबागच्या फ्लॅटला नाइट लॅच, बाहेर पडताना दार ओढलं की आपोआप बंद, तिथं खुनी दार ओढून खाली उतरेल आणि गाडीला किक मारेल, कोडं कसलं. फ्लॅटमध्ये लिहायचं तर पॅसेजमधल्या सीसीटीव्हीला फसवावं लागेल, आणि ते कॅमेऱ्यापेक्षा फुटेज बघणाऱ्या माणसाला फसवून जास्त जमेल, झँगविलनं १८९१ ला केलं तसं.

तेव्हा कुणी लिहिणार असेल तर वाडा घ्या, अडसर घ्या, आषाढातला पाऊस घ्या म्हणजे अंगणात चिखल आणि पावलांचा प्रश्न आयता मिळतो, वाटल्यास आडाजवळ कुणीतरी पांढऱ्या लुगड्यातली बाई बघितली अशी आवई पण उठवा. भुयार एकच, पाद्रीबुवांनी परवानगी दिलीय.