जुन्या गाडीचं वार्षिक पासिंग

वापरलेली जुनी कार रस्त्यावर आणायला अजून सुरक्षित आहे का, हे ठरावीक मुदतीने अधिकृत केंद्रात तपासून घ्यावं लागतं, त्याला बोलताना सगळे पासिंगच म्हणतात. बऱ्याच देशांत गाडीचं ठरावीक वय झालं की हे दर वर्षी करावं लागतं. जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न हाच असतो की ही बिनबोभाट पास होत राहील की दर वर्षी गॅरेजमध्ये पैसे ओतावे लागतील, आणि उत्तर सगळे गाडीच्या वयात शोधतात. वयात ते अर्धंच मिळतं, उरलेलं गाडीच्या पोटाखाली आणि मागच्या तपासण्यांच्या कागदांत असतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो कारण इथे फार लोक फसतात. पास झाली म्हणजे गाडी भरवशाची आहे असं नाही. तपासणीत ब्रेक, स्टेअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे, काचा-वायपर, सीटबेल्ट, चासी आणि बॉडीचा पत्रा, आणि सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं ते बघतात. क्लच घसरतोय, गिअर अडकतोय, टायमिंग बेल्ट बदलायला झालाय, एसी गार करत नाही, याच्याशी तपासणाऱ्याला काही घेणंदेणं नसतं, तो इंजिन उघडत नाही आणि सहसा काहीही खोलून बघत नाही. त्यामुळे काल पास झालेली गाडी पुढच्या आठवड्यात रस्त्यात बंद पडू शकते, आणि इंजिन ठणठणीत असलेली गाडी एक हेडलाइट लागत नाही म्हणून नापास होऊ शकते. दोन्ही वेगळे प्रश्न आहेत, वेगळेच विचारावेत.

किती वर्षांनी तपासणी हे देशाप्रमाणे बदलतं. ब्रिटनमध्ये एमओटी नावाची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली तेव्हा ती १० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांनाच होती आणि ब्रेक, दिवे, स्टेअरिंग एवढंच बघायचे, पण इतक्या गाड्या नापास व्हायला लागल्या की वयाची अट खाली आणत १९६७ पर्यंत ३ वर्षांवर आली, आणि तिथून पुढे दर वर्षी. युरोपियन युनियनचा २०१४ चा नियम किमान अट घालतो, पहिली तपासणी ४ वर्षांच्या आत आणि मग दर २ वर्षांनी, पण स्पेनमध्ये १० वर्षं झाली की दर वर्षी. जर्मनीत मात्र गाडी कितीही जुनी झाली तरी २ वर्षांनीच. जपाननेही १० वर्षांवरच्या गाड्यांची दर वर्षीची सक्ती १९९५ मध्ये काढून टाकली.

आता आकडे. ब्रिटनमध्ये सगळ्या वयाच्या गाड्या धरून पहिल्या फेरीत साधारण १० पैकी ३ नापास होतात. जर्मनीत ट्यूफ या गाड्या तपासणाऱ्या संस्थांचे आकडे दर वर्षी मॉडेलनुसार छापले जातात, त्यात २-३ वर्षांच्या गाड्यांत मोठा दोष निघण्याचं प्रमाण एक आकडी टक्क्यांत असतं आणि १२-१३ वर्षांच्या गाड्यांत साधारण चारातली एक अडकते. म्हणजे वय वाढलं की धोका वाढतो हे खरंच आहे, पण हाच आकडा उलटा वाचा, १२-१३ वर्षांच्या चारातल्या तीन गाड्या मोठ्या दोषाशिवाय सुटतात. अगदी जुन्या गाड्यांत चित्र अजून वेगळं होतं, कारण ज्यांची हेळसांड झाली त्या आधीच भंगारात गेलेल्या असतात आणि ज्या उरल्यात त्या कुणीतरी जीव लावून सांभाळलेल्या. मॉडेलच्या आकड्यांबाबतही जपून राहावं. टॅक्सी म्हणून पळालेली मॉडेल्स, एकाच वयस्कर मालकाने हळू चालवलेली मॉडेल्स, कंपनीच्या ताफ्यातली मॉडेल्स, सगळ्यांची टक्केवारी एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसते, त्यात गाडीचा दर्जा किती आणि मालकाची सवय किती हे वेगळं काढता येत नाही.

जुन्या गाड्या खरोखर कशात अडकतात ते जास्त कामाचं आहे. सगळ्यात जास्त दिवे, टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन. दिव्यांत नुसता बल्ब उडालेला असतो असं नाही, हेडलाइटची काच म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट प्लास्टिक, उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं आणि धुरकट होतं, मग उजेड विखुरतो आणि फोकस बसत नाही. टायरला युरोपात नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण जुन्या गाडीत गोटा झालेल्या टायरपेक्षा दुसरीच भानगड असते, गाडी कमी चालते म्हणून नक्षी भरपूर असते आणि रबर मात्र वयाने कडक होऊन बाजूने तडकलेलं असतं, मालक नक्षी बघून निश्चिंत राहतो.

ब्रेकची परीक्षा रोलरवर होते, चाक रोलरवर ठेवून ते किती जोर लावतं हे मोजतात, आणि एकूण जोरासोबत डाव्या-उजव्या चाकातला फरकही बघतात, साधारण ३० टक्क्यांच्या वर फरक गेला की नापास, कारण जोरात ब्रेक मारल्यावर अशी गाडी एका बाजूला ओढते. हा फरक बहुतेक वेळा कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन किंवा त्याच्या पिना गंजून जाम झाल्याने येतो. रोज पळणाऱ्या गाडीत हे उलट कमी होतं, उभ्या गाडीत जास्त. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत तर मोटरच गाडी थोपवते, पॅड डिस्कला फारसे लागतच नाहीत, मग डिस्क न वापरल्याने गंजते. म्हणून 'फारच कमी चाललीय' ही विक्रेत्याची फुशारकी पासिंगच्या बाबतीत मला कधीच दिलासा देत नाही. सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंटचे रबरी बूट, ब्रेकचे होज हे सगळं रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं.

गंज मात्र जुन्या गाडीचा खरा शत्रू, कारण बाकी पार्ट बदलता येतात आणि सडलेला पत्रा कापून वेल्डिंगच करावं लागतं. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे हे फार लवकर होतं. दारावरचा गंज दिसायला वाईट असतो पण सहसा नापास करत नाही, धार लागण्यासारखी झाली तर गोष्ट वेगळी. नापास करतो तो भार पेलणाऱ्या जागेचा, ब्रिटनच्या नियमात सस्पेन्शन, स्टेअरिंग, सीटबेल्ट असे महत्त्वाचे भाग जिथे बसवलेत तिथपासून ३० सेंटिमीटरच्या आत मजबुती गेलेली असली की गाडी अडकते. वरून पुट्टी आणि काळा रंग मारलेला असेल तर ठोकल्यावर बद्द आवाज येतो. गाडीच्या खाली नवाकोरा चकचकीत काळा थर दिसला तर आत काय लपवलंय हे विचारायलाच हवं.

धुराच्या बाजूला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) असलेल्या पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि लॅम्बडा, म्हणजे हवा आणि इंधनाच्या मिश्रणाचा आकडा, मोजतात, लॅम्बडा साधारण ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. तो बाहेर गेला की लोक सरळ कन्व्हर्टर गेला म्हणतात, पण बरेचदा सायलेन्सरला बारीक भोक पडून बाहेरची हवा आत जात असते किंवा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झालेला असतो, त्यामुळे महागडा पार्ट घ्यायच्या आधी हे बघून घ्यावं. गाडी पूर्ण गरम करून नेणं इथे मोठा फरक पाडतं, थंड कन्व्हर्टर कामच करत नाही, घराजवळच्या केंद्रात दोन मिनिटांत पोचलेली चांगली गाडीसुद्धा धुरात अडकू शकते. चेक इंजिनचा दिवा आदल्या दिवशी स्कॅनर लावून घालवायची युक्ती काही लोक करतात, ती निरुपयोगी आहे. बिघाडाचे कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात, आणि अमेरिकेत जिथे १९९६ पासूनच्या गाड्या संगणकाला जोडून तपासतात तिथे या चाचण्या अपुऱ्या दिसल्या की गाडी परत पाठवतात.

नापास म्हणजे गाडी संपली असंही नाही. युरोपात २०१८ पासून दोष किरकोळ, मोठा आणि धोकादायक अशा तीन पायऱ्यांत लिहितात, किरकोळ असला तर गाडी पास होते आणि फक्त नोंद राहते, मोठ्या दोषाला दुरुस्ती करून पुन्हा दाखवायची, जर्मनीत त्यासाठी १ महिना मिळतो. धोकादायक लिहिलं तर दुरुस्तीशिवाय चालवायचीच नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यासाठी या नोंदी सोन्यासारख्या आहेत. ब्रिटनमध्ये नंबर टाकून कुणालाही २००५ पासूनच्या तपासण्या फुकट बघता येतात, प्रत्येक वेळचं मीटरचं रीडिंगही तिथे असतं, त्यामुळे मीटर मागे फिरवलेलं लगेच कळतं. मी निकालाच्या आधी सूचनांचा रकाना वाचतो, म्हणजे गाडी पास करतानाही तपासणाऱ्याने 'याकडे लक्ष ठेवा' म्हणून लिहिलेलं. 'मागच्या डाव्या बाजूला गंज सुरू झालाय' हे वाक्य तीन वर्षं तसंच पुढे येत असेल आणि मध्ये कुणीच काही केलेलं नसेल, तर चौथ्या वर्षी तीच जागा नापासच्या यादीत दिसण्याची शक्यता मोठी. याउलट एखाद्या वर्षी पाच दोषांनी नापास झालेली आणि पुढच्या वर्षी त्यातला एकही न दाखवणारी गाडी मला दर वर्षी काठावर पास होणाऱ्या गाडीपेक्षा बरी वाटते, निदान तिच्यावर काम करणारं कुणीतरी होतं.