चिपची वेगमर्यादा आणि कमांडची वेगमर्यादा: लिनक्सच्या एसपीआय-मेममधले दोन आकडे

विनबॉन्डची डब्ल्यू२५क्यू१२८जेव्ही ही एसपीआय (थोड्या तारांच्या सिरियल जोडणीवर चालणारी) फ्लॅश मेमरी चिप १३३ मेगाहर्ट्झपर्यंत चालते, पण साध्या वाचनाची ०३ हेक्स ही कमांड फक्त ५० मेगाहर्ट्झपर्यंतच. कारण सोपं आहे: या कमांडमध्ये पत्ता संपल्यावर लगेच डेटा यावा लागतो. ०बी हेक्समध्ये मधे ८ डमी क्लॉक (डेटा नसलेले ठोके) मिळतात, तेवढ्या वेळात चिप डेटा तयार ठेवते.

इथेच घोटाळा होतो. ०३ चुकीचा डेटा देते म्हणून डिव्हाइस ट्रीमधलं (बोर्डवरच्या हार्डवेअरचं लिनक्सला दिलेलं वर्णन) 'एसपीआय-मॅक्स-फ्रीक्वेन्सी' ५० वर आणलं जातं. वाचन सुधारतं, पण चार तारांवरून एकदम होणारं क्वाड वाचनही ६६.५ वरून २५ मेगाबाइट प्रति सेकंदावर घसरतं. 'एसपीआय-मॅक्स-फ्रीक्वेन्सी'चा आकडा चिप आणि बोर्डचा आहे: ट्रेसची (बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांची) लांबी, व्होल्टेज, सिग्नलचा दर्जा. एका कमांडची अडचण त्यात कोंबू नये. (आयडी मात्र बरोबर वाचला जातो, त्यावरून दोष वायरिंगचा नसावा हे कळतं.)

कमांडच्या मर्यादेसाठी लिनक्स ६.१४ पासून, म्हणजे २०२५ पासून, एसपीआय-मेम (एसपीआय मेमरी चिपशी बोलणारा कर्नलचा भाग) ऑपरेशनमध्ये, म्हणजे एका कमांडच्या वर्णनात, 'मॅक्स-फ्रीक' हे वेगळं फील्ड आहे. शून्य म्हणजे 'वेगळी मर्यादा नाही'. हा निर्णय आम्हाला फार योग्य वाटतो, कारण जुन्या ऑपरेशनांना हातही लावावा लागत नाही. ऑपरेशन चालवण्याआधी कोअर (एसपीआय-मेमचा सामायिक कोड) शून्य किंवा जास्त असलेला आकडा चिपच्या मर्यादेवर आणतो. म्हणजे दोन्हींपैकी जो लहान तो लागू. कोअर ऑपरेशनमध्येच लिहितो, म्हणून ऑपरेशन फंक्शनमध्ये लोकल ठेवा, फक्त-वाचनीय मेमरीत नको.

कंट्रोलर (चिपला क्लॉक आणि कमांड पाठवणारं हार्डवेअर) ड्रायव्हरला दोन कामं आहेत आणि दोन्ही एकत्रच करायची. क्लॉक लावताना डिव्हाइसचा वेग न घेता ऑपरेशनचा 'मॅक्स-फ्रीक' घ्यायचा. मग क्षमतांच्या यादीत 'पर-ऑप-फ्रीक' खरं करायचं. ते खरं नसेल तर कोअरची नेहमीची तपासणी कमी वेगाची ऑपरेशनं नाकारते. हे सुरक्षित आहे. उलट, क्षमता जाहीर केली आणि क्लॉक तसाच ठेवला, तर ०३ कमांड १३३ वर धावते आणि कुठलीही एरर न येता बाइट बदलतात. तुमचा कंट्रोलर खूप कमी वेगावर उतरू शकत नसेल, तर 'मिन-स्पीड' भरा. तपासणीत त्याहून हळू मागणी नाकारली जाते.

वेग ऑपरेशनमध्येच असल्याचा आणखी एक लाभ आहे: ऑपरेशनला किती नॅनोसेकंद लागतील हे कोअर मोजू शकतो. एसपीआय नँडमध्ये (नँड प्रकारच्या फ्लॅश चिपसाठीचा कोड) आता वाचनाचा प्रकार यादीतल्या क्रमावर ठरत नाही, या हिशोबाने ठरतो.

बदल झाल्यावर ०३ चालू असताना क्लॉकच्या पिनवर ऑसिलोस्कोप लावा. तिथे ५० पेक्षा जास्त दिसलं, तर क्षमता जाहीर करणारी ओळ आधी काढा.