सहावा गडी: बाकावरून येणाऱ्या गार्डची गोष्ट

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे बरेचसे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचनंतर सुरू होतात. बेळगावातली टिळकवाडी, शहापूरकडची कॉलेजची पोरं मोबाईलवर एखादा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा चौथा हिस्सा, बघूनच बाहेर पडतात, आणि घरच्यांना कोडं पडतं: एवढा नावाजलेला गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा गडी, सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत का नाही? प्रश्न रास्तच. खानापूर-निपाणीकडच्या कबड्डीत राखीव गडी म्हणजे कुणाचा पाय मुरगळला तर उतरायचा, नाहीतर पाण्याच्या बाटल्या सांभाळायचा.

अमेरिकेतही आधी असंच होतं, आणि त्याला नियम कारण होता. जेम्स नेस्मिथने १८९१ साली बास्केटबॉल हा खेळ काढला. पुढे कित्येक वर्षं एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसे. १९२० नंतर एकदा परतायची मुभा मिळाली, तिसाच्या दशकात दोनदा, आणि १९४४-४५ पासून हवं तितक्या वेळा. मग १९५४ मध्ये एनबीएने २४ सेकंदांत शॉट घेण्याची सक्ती केली. खेळ धावता झाला, पाय लवकर भरून येऊ लागले.

याचा फायदा उचलला बोस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑवरबाख यांनी. पहिले पाच दमले की सगळेच संघ कच्चा माणूस आत पाठवत. ऑवरबाख यांनी फ्रँक रॅम्सीसारखा सहज पहिल्या पाचांत बसणारा खेळाडू मुद्दाम सहावा म्हणून मागे ठेवला. समोरचा संघ धापा टाकू लागायच्या वेळेला हा ताजातवाना. रॅम्सीच्या वाट्याला सात विजेतेपदं आली. त्याची जागा पुढे जॉन हॅवलिचेकने चालवली. आज सर्वोत्तम सहाव्या खेळाडूच्या चषकाला त्याचंच नाव आहे. हा पुरस्कार १९८२-८३ पासून दिला जातो. अट एकच: सुरुवात केलेल्या सामन्यांपेक्षा बाकावरून आलेले सामने जास्त हवेत.

पहिला मानकरी बॉबी जोन्स फॉरवर्ड, म्हणजे बास्केटच्या जवळ खेळणारा, होता. पण हे काम खरं शोभतं गार्डलाच, असं माझं मत. मुख्य खेळाडू विश्रांतीला बसले की दुसऱ्या फळीत चेंडू घेऊन स्वतःचा शॉट स्वतः तयार करणारा कुणीतरी लागतो.

डेट्रॉइटचा विनी जॉन्सन आठवा. आला की लगेच तापतो, म्हणून त्याचं टोपणनावच 'मायक्रोवेव्ह'. १९९० च्या अंतिम फेरीचा पाचवा सामना, पोर्टलँडचं मैदान. शेवटच्या दोनेक मिनिटांत डेट्रॉइट सात गुणांनी मागे. तिथून त्यांनी सलग नऊ गुण केले, त्यांतले सात जॉन्सनचे. विजयी शॉट पडला तेव्हा घड्याळात ०.७ सेकंद उरले होते. ९२-९०, आणि विजेतेपद. सहाव्या खेळाडूचा पुरस्कार मात्र त्याला एकदाही मिळाला नाही, हे मला आजही खटकतं.

सॅन अँटोनियोच्या मानू जिनोबिलीचं प्रकरण वेगळं. २००४ ला अथेन्समध्ये अर्जेंटिनाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारा हा माणूस पुढे बहुतेक हंगाम बाकावरून आला. अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत तो मैदानावर असायचाच, त्यामुळे सुरुवात कोण करतं याला फारसा अर्थ उरला नाही. जमाल क्रॉफर्ड आणि लू विल्यम्स यांनी तर हाच धंदा केला. पुरस्कार दोघांना तीन-तीनदा. २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, ४५ व्या क्रमांकावर, थेट हायस्कूलमधून आलेला विल्यम्स २०१९ मध्ये कारकिर्दीत बाकावरून सर्वाधिक गुण करणारा ठरला. त्याने डेल करीला, म्हणजे आजचा नावाजलेला गार्ड स्टेफ करी याच्या वडिलांना, मागे टाकलं. क्रॉफर्डने त्याच वर्षी वयाच्या ३९ व्या वर्षी बाकावरून येऊन एका सामन्यात ५१ गुण केले.

जेम्स हार्डनला मात्र मी या पंगतीत बसवणार नाही. २०१२ चा पुरस्कार त्याचा खरा. पण त्याच वर्षी मोठ्या कराराचं ओक्लाहोमाशी जमलं नाही, तो ह्यूस्टनला गेला, तिथे पहिल्या पाचांत खेळला आणि २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.