श्वास मोजायला शिकवणारा खेळ

मोबाइलवर गेम दिला की प्रशिक्षण आपोआप होतं, असं आज सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. खेळणारीला आपली चूक नेमकी कुठे झाली हे कळलं, तरच खेळातून हात बसतो.

खोकला झालेल्या बाळाचे श्वास मोजण्याचंच घ्या. न्यूमोनियाचा संशय घेण्यासाठी आरोग्य कार्यकर्तीच्या हातातलं हे मुख्य साधन. २ महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६०, २ ते ११ महिन्यांत ५० आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेग जास्त. हे आकडे तासाभरात पाठ होतात, मोजणं होत नाही.

खेळात बाळाच्या उघड्या पोटाचा व्हिडिओ दिसतो. पोट वर आलं की पडद्यावर बोट टेकवायचं. आता आतला हिशेब बघा. पहिल्यापासून पाचव्या टेकीपर्यंत ६ सेकंद गेले, तर वेग किती? घाईत उत्तर येतं ५०. पण ५ टेकींमध्ये अंतरं असतात ४. म्हणजे एका श्वासाला दीड सेकंद, आणि वेग ४०. प्रोग्रॅममध्ये हीच चूक राहिली, तर ८ महिन्यांच्या बाळाचा नेहमीचा श्वास 'जलद' ठरतो आणि नको असलेलं अँटिबायोटिक पोटात जातं.

उलटंही होतं. मधली एक टेक चुकली की अंतरं पडतात १.५, १.५, ३ आणि १.५ सेकंद. सरासरी काढली तर वेग ३२ येतो, आणि २ वर्षांचं आजारी मूल सुटून जातं. अंतरं चढत्या क्रमाने लावून मधलं घेतलं, म्हणजे मध्यक काढला, की बरोबर ४० मिळतात.

पण कार्यकर्तीला नुसता सुधारलेला आकडा दाखवून भागत नाही. निसटलेला श्वास व्हिडिओत तिथल्या तिथे पुन्हा दाखवायला हवा. कुणी श्वास आत घेताना एक आणि सोडताना एक मोजते, तिचा आकडा दुप्पट येतो. तिची चूक वेगळी, तिला सूचनाही वेगळी हवी.

वेगाने उत्तर देणाऱ्याला जादा गुण तर अजिबात नकोत. मग १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय लागते, आणि एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. व्हिडिओही ३८, ४२, ४८, ५२ असे सीमेजवळचे हवेत आणि दर वेळी क्रम बदलून यायला हवेत, नाहीतर उत्तरं पाठ होतात.

काही व्हिडिओंत बाळ रडत असावं. रडताना श्वास वाढतो, तेव्हा तिथे बरोबर उत्तर एकच: 'थांबा, बाळ शांत झाल्यावर पूर्ण मिनिट मोजा.' हे बटण बहुतेकदा राहूनच जातं.